खंडेनवमीच्या आठ काचा

हडपसर, ७ जुलै २०२५

दादा,

पाकिटावर 'विद्यार्थी पुस्तक भांडार, नमुना प्रत मोफत' असा शिक्का बघून फोडलंस ना? शिक्का मीच कापलाय, जुन्या रबरी चटईच्या तुकड्यातून. माझं नाव दिसलं असतं तर तू पाकीट तसंच पोस्टमनच्या हातात परत दिलं असतंस. फोनवर ब्लॉक, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक, आईच्या फोनवरून केला तर "सोनू असेल तर ठेवतो." राहिलं काय? पोस्ट. आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात गेले. खिडकीतल्या काकूंनी विचारलं, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, "नाही, भावाला." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मग स्पीड पोस्टच कर. भाऊ साध्या टपालाला उत्तर देत नाहीत."

मुद्द्यावर येते. मी तुझ्या काचा बदलल्या नाहीत.

मे महिन्यात बॅग भरून तू लातूरला निघालास, क्लासमध्ये डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांना फिजिक्स शिकवायला. जाताना दारात म्हणालास, "माझी पाच वर्षं तुझ्या एका गमतीत गेली." आणि मी हसले. तिथं चुकले, मान्य. पण मी हसते तेव्हा दर वेळी मीच काहीतरी केलेलं असतं असं नाही रे. काय बोलावं सुचलं नाही की पण हसते.

तुझं म्हणणं मला कळलं तसं लिहिते. काचेच्या छोट्या तुकड्यावर तू ते जांभळं पाणी टाकतोस, काच गरागरा फिरवतोस, पातळ थर बसतो. त्याचं प्लास्टिकचं सोलर होतं. गेल्या खंडेनवमीला बनवलेल्या आठ काचा एवढ्या भारी निघाल्या की तुझ्या गाईड निशा मॅडमनी त्यांच्यावर पेपर पाठवला. मग सात महिने तुला तशी नववी काच जमली नाही. मग तुझ्या शेजारच्या टेबलावरचा श्यामसुंदर म्हणाला की त्याच सुमारास त्याची शुद्ध पावडरची बाटली कमी झाली होती. मग मॅडमनी विचारलं, "शुभंकर, या काचा नक्की कुणाच्या?" आणि आमचे विद्वान बंधू काय म्हणाले? "माझ्या बहिणीने गंमत म्हणून नंबर बदलले असतील. श्यामच्याच असतील त्या."

वा. रक्षाबंधनाला काय देऊ सांग, नारळ की नंबर?

नंबरांचे स्टिकर मी कापून दिले होते, खरंय. रेडियमच्या दुकानात दिवसभर नंबरप्लेटी आणि 'आईचा आशीर्वाद' कापून वीट येतो, म्हणून दिले. त्या दिवशी दुपारी यंत्रपूजेच्या प्रसादाला तुमच्या लॅबमध्ये आले होते, तेही खरंय. आणि तुमच्या फ्रिजवर 'आत पाहुणे झोपलेत, हळू उघडा' हे मीच चिकटवलं होतं. पण म्हणून काचा पण मीच? हे म्हणजे देवळाबाहेर एकदा चप्पल लपवली म्हणून मूर्ती चोरल्याचा आळ.

आता ऐक. संस्थेचं पत्र घरी आलंय. मी फोडलं. २८ जुलैला कमिटी बसणार. काचा कुठून आल्या ते तू पटवून दिलं नाहीस तर पीएचडीचं नाव कापणार, आणि वर दुसऱ्याचा माल उचलल्याचा शिक्का. आईला वाचून दाखवताना मी 'चौकशी समिती'चं 'सत्कार समिती' केलं. तिने साखर वाटली शेजारी. म्हणजे आता तुझा सत्कार व्हायलाच पाहिजे, नाहीतर मला गल्ली सोडावी लागेल.

माझा संशय श्यामसुंदरवर आहे. बघतेच.

सोनू (भांडारवाली)


११ जुलै

दादा,

लॅबमध्ये जाऊन आले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. आत शिरले कशी? मॅडमना दुकानातून फोन केला, सुरक्षेचे स्टिकर लावून देतो, पहिले दहा फुकट. फुकट म्हटल्यावर सरकारी संस्था नाही म्हणत नाही. गेटवर मॅडमनी ओळखलंच. "शुभंकरची बहीण ना तू? फ्रिजवाली?"

"हो."

"मग या वेळी मजकूर आधी मला दाखव."

बाई वाईट नाही. पण डोळे बारीक करून बघते, तेव्हा वाटतं की आपण न केलेलं पण कबूल करून टाकावं. तू नंबर बदलल्याची थाप का मारलीस ते मला तिथं कळलं. (थाप आहे ती. तुला माहितीये.)

श्यामसुंदर तुझ्या खुर्चीत बसतो. तुझ्या कपात त्याचे पेन आहेत. मला बघून म्हणाला, "काहून आली तू?"

"स्टिकर लावायला."

"मागच्या वेळी लावले तेवढे पुरले नाही का बाप्पा?"

यवतमाळचा आहे म्हणून बोलणं गोड वाटतं, पण गोड बोलणाऱ्यावर मी आधी संशय घेते. विचारलं, त्या आठ काचांत असं काय आहे? त्याने स्क्रीनवर रेघ दाखवली.

"हे पाय. इकडे निळा उजेड, इकडे लाल. काच निळा खाते, हिरवा खाते, आणि लालच्या पुढे एका जागी तिचं खाणं थांबायला पाहिजे. कडा तुटल्यासारखी रेघ खाली यायला पाहिजे. येत नाही. शेपूट राहते."

"कशाची शेपूट?"

"गोंधळाची. आत रेणू रांगेत नसतात ना. कोणी आडवा, कोणी वाकडा, कोणी शेजाऱ्याला चिकटलेला. प्रत्येकाची भूक वेगळी. मग ज्या कमी ताकदीच्या उजेडाला कोणीच विचारू नये, त्याला पण एखादा वेडावाकडा रेणू घेऊन टाकतो."

मी म्हटलं, "म्हणजे गाडीतळाचा रिक्षा स्टँड."

"कसा?"

"सगळे मीटरवाले असतील तर कमी पैसेवाल्याला कुणीच घेणार नाही. पण आमच्या स्टँडवर प्रत्येकाचा रेट वेगळा. कुणाला घरी जायचंय, कुणाला बोहनी करायचीय. खिशात चिल्लर असली तरी एखादा म्हणतोच, बस."

तो हसला. मग विचारतो कसा, "आणि तो बसलेल्याला पोचवतो का?"

"छे. मध्येच सोडतो, पुलाखाली."

"हेच! उजेड घेतला खरा, पण वीज दारापर्यंत पोचत नाही. अशा खड्ड्यांतच अडकते. म्हणून गोंधळ वाढला की उजेड थोडा जास्त खाल्ला जातो आणि काम कमी होतं. तुझ्या भावाच्या आठ काचांत ती शेपूटच नाही. सगळे मीटरने चालणारे."

"पुण्यात असं होत नाही."

"मॅडम पण हेच म्हणते."

दादा, शपथ, मला पहिल्यांदा कळलं तू पाच वर्षं काय करत होतास. तू घरी कधी सांगितलंच नाहीस. विचारलं की म्हणायचास, "तुला नाही कळणार."

श्यामसुंदरचं म्हणणं, असली काच त्याच्या शुद्ध पावडरीशिवाय होत नाही आणि त्याची बाटली दोन बोटं खाली गेली होती. विचारलं, "तुझा माझ्यावर संशय आहे का?" म्हणाला, "आधी तुझ्या भावावर होता. तो म्हणाला, तू केलं. आता दोघांवर आहे." सरळ तोंडावर. मला तो आवडला नाही. म्हणजे, पटला.

अजून एक. लॅबच्या सगळ्या किल्ल्या, बटणं आणि चहा ज्यांच्या हातात, ते तुमचे संपतकाका. मला दोनदा चहा दिला. दोन्ही वेळा विचारलं, "शुभंकर काय म्हनतोय? त्या दिवसाचं काय बोल्ला का?" एकदा विचारलं तर माया. दोनदा विचारलं तर काहीतरी आहे.

त्या दिवशी चार वाजता तू कुठे होतास ते तुला माहितीये आणि मला माहितीये. त्याचं नंतर बघू.

सोनू


१६ जुलै

दादा,

उत्तर नाही. ठीक. लातूरला शाई मिळत नसेल.

माझ्याकडे तीन संशयित आहेत: श्यामसुंदर, संपतकाका आणि कुणाला सोडायचं नाही म्हणून मॅडम. पोलीस काय करतात मला माहीत नाही, मला जे येतं ते मी केलं. पिवळ्या रेडियमवर काळ्या अक्षरात छान कापलं:

'सूचना. या खोलीतील कॅमेऱ्याचे गेल्या ऑक्टोबरपासूनचे चित्रीकरण तपासण्यात येत आहे.'

मॅडमनी पास केलेल्या नऊ स्टिकरांत हे दहावं घातलं आणि आतल्या दारावर, डोळ्यांसमोर येईल असं चिकटवलं. शेजारी जुन्या कॉम्प्युटरच्या माऊसचा लाल दिवा लावला. मग 'ॲसिड' आणि 'हातमोजे वापरा' चिकटवत एक तास तिथेच घुटमळले.

आधी मॅडम आल्या. वाचलं. म्हणाल्या, "कॅमेरा? एअर कंडिशनर दुरुस्त करायला बजेट नाही आणि कॅमेरा?" आणि प्रशासनाला भांडायला गेल्या. मॅडम सुटल्या. पाप असलेला माणूस आधी स्वतःचा विचार करतो, बजेटचा नाही.

मग श्यामसुंदर. वाचलं, माऊसकडे बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं झालं. माझी बाटली कोणी उघडली ते दिसेल." आणि डबा उघडून जेवायला बसला. त्याच्या डब्यात वांग्याची भाजी होती. चोराला अशी भूक लागत नाही.

मग संपतकाका ट्रे घेऊन आले. चष्मा वर केला, वाचलं. परत वाचलं. ट्रे टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तिथं बसलेलं कुणी बघितलं नसेल. मी म्हटलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"न्हाय गं. हे... कवापासनं हाय?"

"काय?"

"ह्यो क्यामेरा."

"गेल्या दसऱ्याच्या आधीपासून म्हणे."

त्यांनी चहा कुणाला दिलाच नाही, ट्रे तसाच उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कामावर नाहीत. आजही नाहीत. मॅडम म्हणाल्या, एकतीस वर्षांत न सांगता सुट्टी ही पहिली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता, सापळ्यात सापडलं म्हणून. झाला नाही. तू दुपारभर काम करताना जेवायचा राहिलास की तुला डबा आणून द्यायचे ना ते?

उद्या कात्रजला जाते, त्यांच्या घरी.

सोनू


१९ जुलै

दादा,

हे पत्र बसून वाच.

संपतकाकांचं घर डेअरीच्या मागच्या बाजूला आहे. दार तुळजाबाईंनी उघडलं, त्यांच्या बायकोने. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "तूच का ती कागुद चिकटवनारी? ये, बघ काय केलंस ते. ह्यो मानूस दोन दिस जेवला न्हाय."

काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून. मी गेले आणि खरं सांगून टाकलं. कॅमेरा नाही, माऊस आहे. वाटलं चिडतील. ते उठून बसले, माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. मग डोळे पुसले. मग सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दात लिहिते, तुझ्यासाठी.

"माझा बाप गुऱ्हाळावर व्हता. खंडेनवमीला चरक बंद. मालक आला तरी बंद. बाप म्हनायचा, वरीसभर राबतंय, एक रात यंत्राला दम खाऊ दे. मी लॅबला लागलो तवापासनं तेच करतो. मॅडमची पूजा दुपारी, फोटुपुरती. नारळ, पेढे, झालं. समदी गेली की माझी पूजा. मेन बटान खाली वढायचं, समदं गप करायचं, मग एकेकाला हळदकुंकू. सकाळी साडेसहाला येऊन पुसून काढायचं, बटान वर. कुनाला कळत न्हाय, कुनाचं बिघडत न्हाय. त्या दिवशी कुनी कामच ठेवत न्हाय ना."

"पण दादाने ठेवलं होतं."

"व्हय. सव्वाचार वाजलं असतील, मी आलो तर पोरगं न्हाय आन् त्याचा तवा गरम."

तवा म्हणजे तुमची ती गरम प्लेट, काचा सुकवायची.

"त्यावर आठ काचा, वल्या. म्हनलं, गेला आसंल हितंच. दोन मिनटं थांबलो, पर आला न्हाय. मग मी बटान वढलं. तवा बंद, वास वढायचा पंखा बंद. हळदकुंकू लावताना काचांवर पडायचं, म्हनून प्रसादाची परात पालथी घातली वरनं. सकाळी परात काढली तर काय वास, डोक्यात गेला. पंखा लावला. काचा हुत्या तशा हुत्या."

"मग इतके महिने सांगितलं का नाही?"

"डिसेंबरात रिटायर व्हतोय, पोरी. न सांगता मेन बंद करतो म्हनल्यावर कोन ठेवंल? आन् मला काय म्हाईत परातीनं काच सुधारती! मला वाटलं, माझ्यामुळं बिघडल्या आन् पोरगं अडकलं."

दादा, तुला कळलं ना? मला कळलं, म्हणजे तुला कळलंच असेल. तुझ्या काचा तुझ्याच आहेत. श्यामची पावडर नाही, माझे नंबर नाहीत. दहा मिनिटांत भसकन सुकायच्या त्या काचा रात्रभर, चौदा तास, परातीखाली स्वतःच्याच वाफेत सुकल्या. रेणूंना धक्काबुक्की न करता रांगेत बसायला वेळ मिळाला. मी श्यामसुंदरला फोन करून फक्त एवढं विचारलं, असं झालं तर शेपूट जाईल का? तिकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पंखा बंद? झाकून? रात्रभर? असं कोण करते बाप्पा? पण जाईल. जाऊ शकते." आणि मग हळूच, "बाटली मी कॉलेजच्या एका मित्राला दिली होती थोडी. परवाच आठवलं. लाज वाटून बोललो नाही." तोही सुटला.

म्हणजे माझ्या यादीतले तिन्ही संपले.

आता एकच राहिला. उद्या लिहिते. हात दुखतोय आणि थोडी भीती पण वाटतेय.

सोनू


२० जुलै

दादा,

संशयित क्रमांक चार: शुभंकर.

श्यामसुंदरने तुझ्या वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. तुझ्या सुबक अक्षरात लिहिलंय: '४.१० काचा ठेवल्या. ११० डिग्री. पंखा चालू. ४.२० काढल्या.' खाली सही.

४.२० ला काढल्या? कुणी?

मी गमतीचे सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवते, तुला माहितीये. तो पण आहे. वेळ ४.१२. अकरा सेकंद. मी रडक्या आवाजात म्हणते, "दादा, आई पडली. लवकर ये." तू म्हणतोस, "कुठे? शुद्धीवर आहे का?" आणि फोन खाली पडल्याचा आवाज. बस.

आजपर्यंत हे मी सांगितलं नाही. तू तर अजिबात नाही. मी तुला चोर म्हणायला तयार होते, श्यामला, काकांना, पण मी काय केलं ते पाकिटात घालत नव्हते. घातलं आता.

का केलं ते पण ऐक. आई तीन वर्षं खंडेनवमीला तुझ्या गाडीची पूजा, तू गाडी घेऊन लॅबमध्ये असायचास म्हणून, गाडीशिवाय करत होती. डुप्लिकेट चावीला हळद लावायची, पाटावर ठेवायची आणि म्हणायची, "चावी हाय तर गाडी हाय." त्या वर्षी मला ते बघवलं नाही. तू आलास, आई दारात झेंडूचा हार घेऊन उभी, धडधाकट. तुझा चेहरा मी विसरणार नाही. तुला वाटलं मी हसतेय तुझ्यावर. तू आईला म्हणालास, "लवकर सुटलो." माझ्या फोनचं नावही काढलं नाहीस. तिला अजून माहीत नाही.

मग दसऱ्याला सकाळी नऊला लॅबमध्ये गेलास. तवा थंड. तुला वाटलं, दहा मिनिटांचा टायमर आपोआप बंद झाला असेल, पंखा रात्रभर चालू असेल, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. आणि तू '४.२० काढल्या' लिहून टाकलंस. एवढंसं खोटं. पण त्या एका ओळीमुळे सात महिने तू स्वतःच ती काच परत बनवू शकला नाहीस. तू वहीत लिहिलेलंच परत परत करत होतास. आणि वहीत लिहिलेलं त्या दिवशी झालंच नव्हतं.

आणि जेव्हा विचारलं, तेव्हा 'मी तिथे नव्हतो' म्हणायच्या ऐवजी माझं नाव सांगितलंस. कारण माझ्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटतं.

तिथंच अडतंय दादा. मी कमिटीसमोर गेले आणि परात, काका, चरक सगळं सांगितलं, तर त्या पिवळ्या स्टिकरनंतर कोण विश्वास ठेवेल? मॅडम म्हणतील, अजून एक गंमत. काका बोलायला तयार आहेत, पण म्हणतात, "पोरगं आधी बोललं तर. न्हायतर मी त्यालाच खोटं पाडल्यासारखं व्हईल." बघ, माणूस कुठं अडतो.

तू येऊ नकोस, हवं तर. फक्त मॅडमना चार ओळी लिही. मी तिथे नव्हतो. वहीत खोटं लिहिलं. झाकून, पंखा बंद करून, रात्रभर ठेवून बघा.

आठ दिवस आहेत. मला अनब्लॉक नाही केलंस तरी चालेल.

सोनू


२९ जुलै

दादा,

मॅडमना तुझं ईमेल २३ तारखेला पहाटे पाचला पोचलं. त्यांनी मला दुकानात फोन केला, माझ्या मालकाची बोबडी वळली. म्हणाल्या, "संध्याकाळी चारला ये. येताना एकही स्टिकर आणू नकोस."

त्या संध्याकाळी मॅडमनी स्वतः आठ काचा बनवल्या. श्यामसुंदर पंखा बंद करायला आणि संपतकाका परात घेऊन. हो, तीच परात, तुळजाबाईंनी चिंचेने घासून पाठवली होती. मॅडमनी ती हातात घेऊन खालीवर बघितली आणि विचारलं, "व्यास किती असेल हिचा?" काका म्हणाले, "घरात आट मानसं व्हती तवा घेतली, मॅडम." मॅडमनी पट्टीने मोजून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रेघ काढली. मी मागे उभी होते. आठपैकी सहा काचांची शेपूट गेली. दोन तशाच राहिल्या, परातीच्या कडेला आल्या होत्या. श्याम ओरडला, "मीटर! मीटरवर चालतेत!" मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं. मला रडू आलं तर मी हसले, म्हणून त्यांनी परत माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

मग काल कमिटी. चोरी नाही, काचा तुझ्याच, हे पाच मिनिटांत संपलं. श्यामने भर खोलीत तुझी माफी मागितली, तू नव्हतास तरी. काकांना लेखी समज, पण नोकरी आणि पेन्शन जागेवर. मग मिशीवाले एक सर म्हणाले की गरम प्लेटवर ओला थर ठेवून माणूस निघून जातो हा मोठा गुन्हा आहे, आग लागली असती. वहीतली खोटी ओळ त्याहून वाईट. यांनी पत्रात कारण दिलंय, 'वैयक्तिक कारणाने घरी गेलो.' वैयक्तिक कारण म्हणजे काय? सणाचं जेवण? अशा मुलाला परत का घ्यायचं?

मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं.

वैयक्तिक कारण. माझा फोन तू लिहिलाच नाहीस. मे महिन्यात न केलेल्या गोष्टीला माझं नाव लावलंस आणि आता केलेल्या गोष्टीतून काढून टाकलंस. पहिल्यांदा मला संशयच आला, की हा एवढा चांगला कधीपासून झाला? यात काय डाव आहे? नंतर कळलं, डाव नाहीये. मग मला बसवेना.

आत गेले. म्हटलं, "सर, मी फोन केला होता. आई पडली म्हणून. खोटा." आणि फोनवर लावलं. अकरा सेकंद. मिशीवाल्या सरांनी परत लावायला सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "हा मुलगा टायमर बघत थांबला असता तर मला जास्त काळजी वाटली असती."

निकाल: नाव राहिलं. सहा महिने उशीर, वही नव्याने, पेपर नव्याने. पहिल्या ओळीत लिहायचं की थर झाकून, पंखा बंद ठेवून, चौदा तास. आभारात संपतकाकांचं नाव मॅडमनीच घालायला सांगितलंय. आमच्या दुकानाचं स्टिकरचं काम कायमचं बंद. मालक माझ्याशी बोलत नाही.

आणि आईला सांगितलं. आज सकाळी, सगळं. सत्कार समितीचं पण.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सनाच्या दिवशी मला पाडलंस?" मला वाटलं, आता लाटणं. ती बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग विचारलं, "तू फोन केल्यावर त्यो किती वेळात आला?"

मी हिशोब केला. फोन ४.१२. दारात होतास ४.५०. म्हटलं, "अडतीस मिनिटं."

"त्या टोकावरनं? दसऱ्याच्या आदल्या दिवशी? एवढ्या ट्रॅफिकात?"

"हो."

तिने शेंगा खाली ठेवल्या. पदराला हात पुसले. चप्पल घातली आणि बाहेर गेली. मला वाटलं, चिडून गेली. खिडकीतून बघितलं तर शेजारच्या आनंदीबाईंच्या दारात उभी होती, मग पिठाच्या गिरणीत, मग पुढच्या गल्लीत. आता संध्याकाळ झाली, अजून घरी नाही. आख्ख्या गाडीतळाला कळलंय की यमुनाबाईचा पोरगा आई पडली म्हटल्यावर अडतीस मिनिटांत आला. मगाशी दूधवाला मला अठ्ठावीस म्हणाला. उद्यापर्यंत पंधरा होतील.

ये आता. तू येऊन खरा आकडा सांगितल्याशिवाय ती थांबणार नाही.

सोनू